पाहुण्यांकडे पाठ

मी रेडिओ दुर्बीण. बोलणं माझ्या कामात बसत नाही. जन्मभर मी ऐकतच आले. पण हल्ली माझ्याबद्दल इतरच इतकं बोलतात की, म्हटलं, एकदा आपणही तोंड उघडावं.

एका उघड्या माळावर माझा सांगाडा उभा राहिला, त्यावर पत्र्यांची प्रचंड थाळी चढली आणि मला फिरवायला मोटारी लागल्या. उद्घाटनाला आलेल्या मोठ्या माणसांनी विचारलं, "यातून दिसतं काय?" दिसत काहीच नाही, अवकाशातल्या लहरी टिपता येतात, हे कळल्यावर त्यांचे चेहरे पडले. अशा जाणकार मंडळींच्या आशीर्वादाने माझा संसार सुरू झाला.

आमच्या संचालकसाहेबांचा जीव पल्सारवर. पल्सार म्हणजे मेलेला तारा. तो गरगर फिरतो आणि त्याच्या लहरींचे ठोके तालात येत राहतात. ते ठोके कर्ण्यावर लावले की पाहुणे माना डोलवत आणि साहेब स्वतःच ते वाजवत असल्यासारखे लाजत.

संशोधक बाईंनी मात्र एक म्हातारा तारा धरून ठेवला होता. त्याच्याभोवती वाफेचे ढग आहेत. अंगातून जाणाऱ्या लहरी ते आपोआप जोरदार करून सोडतात. त्याला मेसर म्हणतात. तिथे चुंबकीय क्षेत्र असेल तर त्या लहरीला किंचित फाटा फुटतो आणि तो मोजला की क्षेत्राची ताकद कळते. पण फाटा इतका बारीक की वर्षानुवर्षं बाईंच्या पदरात नुसती खरखर.

त्यांचा भाऊ फोनवर चिडवायचा, "ताई, बोललं का गं कोणी वरून?"

"अजून नाही रे."

"मग पगार कसला देतात तुला?"

"वाट बघण्याचा."

मग वर्धापनदिन आला. मांडव पडला, खुर्च्यांना पांढरे झगे चढले. साहेबांच्या सुपीक डोक्यातून कल्पना निघाली होती : प्रमुख पाहुणे आले की मी वाकून त्यांना नमस्कार करायचा आणि मग पल्सारचे ठोके ऐकवायचे. एवढं शिकून-सवरून माझ्या नशिबी हेच यायचं होतं!

आणि नेमका त्याच सकाळी बाईंचा मेसर भडकला. एरवी पुटपुटणारा तो म्हातारा गळा काढून ओरडायला लागला. बाई धावत साहेबांकडे गेल्या.

"सर, आज दुर्बीण हलवू नका. फाटा दिसेल तर आत्ताच दिसेल."

"उद्या बघा की."

"उद्या तो विझलेला असेल."

"आणि पाहुणे उद्या नसतील, त्याचं काय?"

"पाहुण्यांना परत बोलावता येतं, सर."

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि ते हार निवडायला गेले.

बाई नियंत्रणकक्षात शिरल्या, आतून कडी घातली आणि खुर्चीवर बसल्या. बाहेर सनई वाजली, गाडी आली, साहेब दार ठोठावू लागले, "अहो, वाकवा तिला!" बाईंनी बटणाला हात लावला नाही. मी ताऱ्यामागे हळूहळू सरकत राहिले आणि तारा होता मांडवाच्या बरोब्बर उलट्या दिशेला. पाहुण्यांना माझी पाठ दिसली. त्यांनी तिच्यासमोर हात जोडले, हा त्यांचा मोठेपणा.

पडद्यावरची एकसंध रेघ शेवटी फाटली. बाईंनी पुन्हा मोजलं. मग ओढणीत तोंड खुपसून खूप रडल्या. दार अजून वाजतच होतं.

बाईंची बदली झाली, दूरच्या एका कार्यालयात, जिथे आकाश खिडकीपुरतंच होतं. त्यांची मोजणी मात्र जगभर नावाजली गेली. तेव्हा साहेबांनी मुलाखत दिली, "त्या दिवशी दुर्बीण हलवायची नाही, असं मीच ठामपणे सांगितलं." ठामपणा खराच होता, दारावरचे पोचे अजून दिसतात.

आता माझा लहरी टिपणारा भाग काढून काचेच्या कपाटात ठेवलाय. माझ्या मोटारी कुलुपात आहेत. मला रंग देतात, माझ्यावर दिवे सोडतात आणि तिकीट लावून मला दाखवतात.

परवा बाई आल्या, रांगेत उभ्या राहून. माहिती सांगणाऱ्याने त्यांनाच साहेबांच्या धैर्याची गोष्ट रंगवून सांगितली.

"आता ही काय ऐकते?" बाईंनी विचारलं.

"आता ऐकत नाही, मॅडम. आता हिच्याकडे बघायचं. जरा मागे व्हा, रंग ओला आहे."

बाई मागे झाल्या नाहीत. त्यांनी माझ्या खांबावर तळवा टेकला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

पाचही बोटं उमटली आहेत. पुढच्या समारंभाआधी मला पुन्हा रंगवायला याल, तेव्हा तेवढी जागा सोडा.