वेढे मोजायचे राहिले

"डायरीत लिहिलंत ना?"

शलाकाने विचारलं तेव्हा कैलासच्या हातात पक्कड होती आणि समोरच्या मोटारीच्या पोटात तांब्याचा एक तुकडाही उरला नव्हता.

तो मोटारीकडे बघत राहिला.

"पप्पा. वेढे मोजले ना?"

"नाही मोजले."

"एकही?"

"एकही नाही."

बेलवलीतल्या त्या दहा बाय बाराच्या दुकानात जळालेल्या मोटारी पुन्हा भरून मिळत. काम अवघड नव्हतं, पण त्याला एक शिस्त होती. जुनी कॉइल कापायच्या आधी ती नीट बघायची. तार किती जाडीची आहे, एका कॉइलला किती वेढे आहेत, तार कुठल्या खाचेतून निघून कुठल्या खाचेत शिरते, हे सगळं डायरीत उतरवायचं आणि मगच छिन्नी लावायची. डायरीत आकडे असले की पुढे फक्त जुन्यासारखं नवं करायचं. ते नसले तर मोटार म्हणजे पोकळ लोखंड. सत्तावीस वर्षांत कैलास हे कधी विसरला नव्हता. शलाका दोन वर्षांपूर्वी दुकानात आली तेव्हा पहिल्या दिवशी त्याने तिला एवढंच शिकवलं होतं.

निदान काढलेलं तांबं वेगळं असतं तरी मोजता आलं असतं. पण ते त्याने कोपऱ्यातल्या पोत्यात टाकलं होतं, आणि पोत्यात आधीच दोन मोटारींचं तांबं होतं.

"असू दे," शलाका म्हणाली. "होतं."

ती असं समजुतीने बोलली की कैलासला आणखी भीती वाटे. वीस वर्षांच्या मुलीने बापाला हसायला हवं होतं. निदान चिडायला तरी.

त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पावणेदोन वाजले होते. सकाळपासून तो हेच करत होता. मोटारीकडे एकदा बघायचं आणि घड्याळाकडे दोनदा.

सोमवारी जेवताना शलाकाने सांगितलं होतं, "कॉलेजचा मेसेज आलाय. शुक्रवारी पाचपर्यंत फॉर्म भरला तर परत घेतायत. पहिल्या वर्षाला."

तो "बरं" म्हणाला होता. विषय तिथेच राहिला. मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवार गेला. आज शुक्रवार होता.

कैलासने ठरवलं होतं की आपण हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. एकदा म्हणून झालं होतं.

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, त्याची बायको मालिनी कावीळ होऊन अकरा दिवसांत गेली. शलाका तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती. तोंडी परीक्षा आठव्या दिवशी आली. घरात सुतक, दारात चपलांचा ढीग, आणि कैलास पोरीला म्हणाला, तयार हो. त्याची बहीण राजाबाई आडवी आली होती.

"अरे, अजून दहावा व्हायचाय! लोक काय म्हणतील? पोरीच्या तोंडाकडं तरी बघ."

"वर्ष वाया जाईल," कैलास म्हणाला होता. "मालिनीला नसतं चाललं ते. काही होत नाही, ताई."

मग तो स्वतः तिला स्कूटरवरून घेऊन गेला आणि बाहेर थांबला. अर्ध्या तासाने ती गेटबाहेर आली आणि मागे बसली. लेखी पेपरांना ती गेलीच नाही. तीन आठवडे स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून पडून असायची. एके दुपारी घरात दिसली नाही म्हणून तो शोधत निघाला, तेव्हा मांजर्लीच्या खाली नदीच्या काठाला, पाण्याच्या अगदी जवळ बसलेली सापडली. "काही नाही, बसलेय," असं ती म्हणाली. त्याने पुढे विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिला दुकानात आणून बसवलं.

फोन वाजला. मांजर्लीच्या सोसायटीचे सेक्रेटरी गुरुदत्त काका. मोटार त्यांचीच होती. गेल्या आठवड्यात नदीचं पाणी त्यांच्या पंपाच्या खोलीत शिरलं होतं.

"कैलास, झाली का रे? अरे, बायका मला जिन्यात गाठतायत. टँकरवाला आता मला काका सोडून सासरेबुवा म्हणायला लागलाय, रोज भेटतो ना. आज देतोस की नाही?"

"बघतो, काका."

"बघतो नको, देतो म्हण. अठ्ठावीस फ्लॅट आहेत, माझी अंघोळ धरून."

फोन ठेवून कैलासने उल्हासनगरला चेतनदासला लावला. कॅम्प दोनमध्ये चेतनदासचं मोटारी भरायचं मोठं दुकान होतं आणि त्याच्याकडे बापाच्या वेळेपासूनच्या वह्या होत्या.

"कैलास, तू भूल गया?" चेतनदास मोठ्याने हसला. "अरे साईं, मैं मेरे लडके को बोलता हूँ, काम सीखना है तो बेलवली जा. आता काय सांगू त्याला?"

"बोल, भूल गया. बघ ना वहीत."

पाच मिनिटांनी त्याचा परत फोन आला, तो कैलासने स्पीकरवर घेतला. "नाय रे. ये माल बहुत पुराना है. वहीत नाय. आतली लोखंडी कोर मोजून हिशेबाने काढावं लागेल, आणि वो इंजिनीअर लोगों का काम है. अपुन को किधर आता है."

कैलास वळला तर शलाका मोटारीत वाकली होती. मोजपट्टी आत घालून तिने पोकळीचा व्यास घेतला होता, लांबी घेतली होती, खाचा मोजल्या होत्या आणि सगळं डायरीत लिहिलं होतं.

"चेतन अंकल बरोबर बोलले," ती म्हणाली. "एवढ्यावरून वेढे काढता येतात. लायब्ररीत एकदा बघितलं होतं मी. तिसऱ्या वर्षाचं पुस्तक होतं. मोटारीचं चित्र दिसलं म्हणून उघडलं."

"मग काढ की."

"येत नाही मला, पप्पा. दोन पानांच्या पुढे काही कळलंच नव्हतं. आपल्या दुकानातलीच मोटार, आणि कळत नाही. खूप राग आला होता." तिने पेन ठेवलं. "पुढे शिकवणार होते ना ते. मी पुढे गेलेच कुठे?"

पंखा घरघरत होता. तीन वाजत आले होते.

"तुम्ही काही बोलणारच नाही का?" तिने विचारलं.

"कशावर?"

"चार दिवस हेच चाललंय. कशावर! पप्पा, तुम्हाला दुकानात माणूस लागतं. सरळ सांगा ना. मी नाही जात. मला वाईट नाही वाटणार, खरंच."

कैलासला आधी कळेचना.

"माणूस? मला कशाला माणूस लागतंय? तू नव्हतीस तेव्हा काय दुकान बंद होतं?"

"मग मला इथे का बसवलंत?"

तो स्टुलावर बसला. काळं लागलेला हात त्याने तसाच कपाळावर फिरवला.

"डोळ्यासमोर राहावीस म्हणून," तो म्हणाला. "तू नदीवर बसली होतीस ना तेव्हा. तेव्हापासून."

शलाकाने पटकन बाहेर रस्त्याकडे बघितलं. एक रिक्षावाला समोरच्या खड्ड्याला शिव्या घालत गाडी काढत होता.

"मी काही करणार नव्हते."

"बरं."

"म्हणजे..." ती थांबली. "मला माहीत नाही, पप्पा. मी बसले होते. एवढंच आठवतं."

दोन वर्षं ज्या उत्तराला भिऊन त्याने विचारलं नव्हतं, ते हे होतं.

"मीच पाठवलं तुला. आठव्या दिवशी. ताई नको नको म्हणत होती."

"तुमच्यामुळे नाही झालं ते."

"मग कशामुळे? तो परीक्षक काही बोलला का? ओरडला?"

"मॅडम होत्या. चांगल्या होत्या हो. पहिला प्रश्न येत होता मला, चांगला येत होता. तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. त्यांनी पाणी दिलं. मग विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?" शलाका नखाने टेबलावरचं वाळलेलं वार्निश खरवडत होती. "मी म्हटलं, येस मॅडम."

"सांगायचं ना."

"कसं सांगणार? आई गेली म्हणून मार्क द्या, असं? तेवढंच बोलता आलं मला. येस मॅडम. तोंडी परीक्षेतलं माझं एकमेव उत्तर, तेपण खोटं."

ती हसायला गेली आणि ते जमलं नाही. कैलास उठला, माठातलं पाणी ग्लासात घेतलं आणि तिच्यासमोर ठेवलं. तिने घेतलं नाही.

"जावंसं वाटतंय का तुला?" त्याने विचारलं.

"वाटतंय. काल रात्रीपण वाटलं. पण भीतीपण वाटते. वर्गातली पोरं दोन वर्षांनी लहान असतील. दीदी म्हणतील मला." मग ती हळू म्हणाली, "परत तसंच झालं तर?"

नाही होणार, हे शब्द त्याच्या जिभेवर आले होते. त्या दिवशी स्कूटरवरही तो तेच म्हणाला होता, काही होत नाही, काही होत नाही, गेटपर्यंत.

"होईलही," तो म्हणाला.

शलाकाने त्याच्याकडे बघितलं.

"मग काय करू?"

"मला फोन कर. शटर ओढतो आणि येतो."

"आणि गिऱ्हाईक?"

"ओरडेल. ओरडू दे. आज नाही का ओरडणार गुरुदत्त काका?"

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. तू गेलीस की संध्याकाळपर्यंत वाटेल. रोज. पण ती माझी मी बघेन. तिच्यासाठी तू इथे बसू नकोस."

मग समोरचा ग्लास तिने उचलला, सगळं पाणी पिऊन टाकलं आणि उठून तारेच्या कपाटामागची पिशवी काढली. पिशवीत दहावी-बारावीचे निकाल होते, जुनं ओळखपत्र होतं, दोन फोटो होते. ती पिशवी ती सोमवारपासून रोज दुकानात आणत होती, हे कैलासला माहीत नव्हतं.

"निघायचं तर आत्ताच," ती म्हणाली. "नाहीतर मी नाही येणार."

कैलासने सोसायटीला फोन लावला. "काका, चूक माझी झालीय. तुमच्या मोटारीला अजून वेळ लागेल. संध्याकाळी माझी एक मोटार आणून बसवतो, तुमची होईस्तोवर ती चालवा." पलीकडून काही मोठ्याने बोललं जात होतं. ते ऐकून घेऊन तो म्हणाला, "हो, सातला," आणि शटर ओढलं.

अंबरनाथ मागे पडलं, डोंगराकडचा रस्ता लागला. शलाका मागे बसून त्याचा शर्ट धरून होती. कॉलेजचं गेट दिसलं तशी तिची मूठ आवळली. कैलासने स्कूटर कडेला घेतली.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. थांबायचं असेल तर थांबू. चार वाजलेत, वेळ आहे."

तिने दोन-तीन श्वास घेतले. "चला," ती म्हणाली.

ऑफिसच्या खिडकीपाशी आणखी दोघं होती. शलाकाची पाळी आली तेव्हा आतल्या बाईंनी फॉर्म उलटसुलट करून बघितला.

"हा रकाना राहिलाय. शिक्षणात खंड पडण्याचं कारण. आजारपण लिही, सगळे तेच लिहितात. डॉक्टरचा कागद नंतर आणून दे."

"मी आजारी नव्हते," शलाका म्हणाली.

"अगं, मग काहीतरी लिही. रिकामा नाही चालत."

शलाकाने फॉर्म परत घेतला. पेन टेकवलं, उचललं. कैलासने बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलं. तिने लिहिलं, आई वारली. त्यानंतर मला परीक्षेत बोलता आले नाही.

बाईंनी वाचलं. चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि शिक्का मारला.

"पालक कोण? तुम्ही? इथे सही करा." मग त्या संगणकाकडे वळल्या. "पालकांचा मोबाइल जुनाच ठेवू ना? मुलगी गैरहजर राहिली की त्याच नंबरवर मेसेज जातो."

त्यांनी नंबर वाचून दाखवला. पहिल्या वेळी फॉर्म मालिनीने भरला होता, स्वतःचा नंबर देऊन.

"नको," कैलास म्हणाला. "बदला तो. माझा घ्या."

"सांगा."

त्याने सांगायला सुरुवात केली. सहा आकडे झाले आणि बाई थांबल्या.

"अहो, हा तोच आहे."

कैलास खिडकीची कड धरून उभा राहिला. एवढा एकच नंबर त्याला पाठ होता. दुकानातून, गिऱ्हाइकाकडून, दवाखान्यातून, तो कुठूनही लावायचा. स्वतःच्या नंबरची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

त्याने शलाकाकडे बघितलं. तिने एकेक आकडा सावकाश सांगितला, बाईंनी टिपला आणि पडदा त्याच्याकडे वळवला.

"बरोबर आहे का, बघून घ्या."

कैलासने खिशातून चष्मा काढून लावला आणि ते दहा आकडे ओठांतल्या ओठांत म्हणत पाठ करायला घेतले.