दोनशे सातचा नळ

मुख्य मिस्त्रीची खुर्ची मिळाली तर पदरात काय काय पडेल, याचा हिशेब मिस्त्रीच्या बायकोने भाजी निवडता निवडताच मांडला. पहिला फायदा गुडघ्यांचा. चौपन्नाव्या वर्षी बेसिनखाली शिरणारा माणूस शिरतो आपला आपण, पण बाहेर निघायला त्याला दुसऱ्याचा हात लागतो, हे तिचं म्हणणं. दुसरा फायदा रविवारचा. तिसरा टेबलाचा: उभ्या माणसाला लोक काम सांगतात, बसलेल्याला विचारतात.

"आणि आपलं जाणार काय?" मिस्त्रीने विचारलं.

"जाणार काय म्हणजे? एकतीस वर्षं त्या पाइपांत घातलीत ना? आता काय हाडं काढून द्यायचीत?"

हिशेब चोख होता. फक्त दोनशे सात नंबरच्या खोलीतला नळ त्यात धरलेला नव्हता.

हॉटेल शहाऐंशी खोल्यांचं. जुना मुख्य मिस्त्री दोन महिन्यांनी निवृत्त होणार होता आणि त्याच्या जागेवर दोघांचा डोळा होता, आपल्या मिस्त्रीचा आणि वायरमनचा. पूर्वीचे दिवस असते तर मॅनेजरसाहेबांनी दोघांना बोलावून, चहा पाजून निकाल लावला असता. पण आता मालकांचे जावई कारभारात उतरले होते. स्टाफ त्यांना पाठीमागे जावईबापू म्हणे. त्यांनी आल्या आल्या तळहाताएवढी बिनतारी यंत्रं आणली. एक मॅनेजरसाहेबांच्या कमरेला, दुसरं स्वतःच्या खिशात, शहराच्या दुसऱ्या टोकाला. खोल्या किती भरल्या, किती रिकाम्या, किती दुरुस्तीत, नाश्त्याला किती माणसं, कुठली तक्रार किती मिनिटं पडून आहे, सगळं दोघांनाही त्याच क्षणी दिसे. साफसफाईवर देखरेख करणाऱ्या मावशींनी दुसऱ्याच दिवशी त्या यंत्राचं नाव पाडलं, नणंद. इथलं तिथे लावायचं आणि कामाला हात लावायचा नाही, दुसरं काय म्हणायचं हिला, असं त्या म्हणाल्या आणि नाव चिकटलं ते चिकटलंच.

कामगारांनाही छोटी यंत्रं मिळाली. तक्रार आली की ते खिशात गुरगुरे. काम उरकलं की 'झालं' असं लिहिलेलं हिरवं बटण दाबायचं. मुख्य मिस्त्रीची खुर्ची कोणाला, हेही आता यंत्रावरचे आकडेच ठरवतील, असं जावईबापूंनी जाहीर करून टाकलं. वशिला नाही, चहा नाही.

मिस्त्री खूश झाला होता. आपण दुरुस्त केलेला नळ पुन्हा गळत नाही, हा त्याचा एकतीस वर्षांचा तोरा. आकडे बघायचे तर बघा म्हणावं खुशाल.

मग एका सकाळी यंत्र गुरगुरलं: २०७, नळ गळतो. तो गेला. नळ कोरडा ठणठणीत. त्याने तरीही आतला वायसर बदलला, टेफ्लॉन टेपचे तीन वेढे देऊन चावीने आवळला आणि 'झालं' दाबलं. जिना उतरेपर्यंत यंत्र पुन्हा गुरगुरलं: २०७, नळ पुन्हा गळतो. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. कोणी लिहिलं ते यंत्र सांगत नसे. एवढं मात्र कळे की जावईबापूंच्या पडद्यावर ही तक्रार मिस्त्रीच्या नावापुढे लाल रंगात चढते आहे. वायरमनच्या नावापुढे सगळं हिरवंगार.

म्हणून पहिला संशय अर्थातच वायरमनवर. दोन आठवडे मिस्त्रीने त्याच्याशी बोलणं टाकलं. मग कळलं की वायरमनच्या यंत्रावरून पाण्याची तक्रार लिहिताच येत नाही. दुसरा संशय मावशींवर. त्यांना त्याने आडून विचारलं, तेव्हा त्यांनी उलट त्यालाच सुनावलं की त्या खोलीत त्यांच्या मुली महिनाभर फिरकल्याही नाहीत, दुरुस्तीत आहे म्हणून चादरी बदलू नका असा हुकूम आहे. हुकूम कोणाचा? मॅनेजरसाहेबांचा.

मिस्त्रीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. यंत्रात खोली दुरुस्तीत दाखवायची, म्हणजे ती विकली जात नाही. जी विकली जात नाही ती कोणाला तरी गुपचूप देता येते. पैसे घेऊन असेल, नाहीतर त्याहून भानगडीचं काही असेल. मॅनेजरसाहेब तसे विधुर होते आणि अत्तर लावत. अत्तराचा विचार मनात आल्यावर मिस्त्रीला बाकी पुराव्याची गरजच उरली नाही. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अत्तर तर माझे वडीलही लावायचे. तुम्ही आपलं दार बघा, कोण जातं-येतं ते."

त्याने दार बघायला सुरुवात केली. रोजचा नळ बघून निघताना दाराच्या फटीवर खाली, कोणाच्या नजरेत येणार नाही असा, टेफ्लॉन टेपचा बोटभर तुकडा चिकटवून ठेवला. दुसऱ्या दिवशी तुकडा जागच्या जागी. तिसऱ्या दिवशीही. मग तो वेळ मिळेल तेव्हा दुसऱ्या मजल्यावर येऊन जिन्याच्या वळणाशी उभा राहू लागला. मावशींनी त्याला तिथे दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा त्या थांबल्या आणि दारं पण गळायला लागली का आता, असं विचारून गेल्या.

अशाच एका दुपारी यंत्र गुरगुरलं: ३०९, न्हाणीघराच्या छताला ओल. मिस्त्रीने वर पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मॅनेजरसाहेब याच वेळी दुसऱ्या मजल्यावर फेरी मारतात हे त्याला आता ठाऊक झालं होतं. छताची ओल म्हणजे वरच्या पाइपाचा सांधा. शिडी लावा, फळी काढा, तासाभराचं काम. ते संध्याकाळी करू, असं त्याने ठरवलं. पण नऊ मिनिटांत 'झालं' नाही तर लाल लागतं आणि आधीच चाळीस लाल होते. जिन्याच्या वळणाशी उभ्या उभ्याच त्याने हिरवं बटण दाबलं. आयुष्यात पहिल्यांदाच न केलेल्या कामाला. मॅनेजरसाहेब आले, त्यांनी दोनशे सातच्या दाराकडे ढुंकूनही पाहिलं नाही, मिस्त्रीकडे मात्र पाहिलं आणि पुढे गेले. संध्याकाळी दुसरं काम निघालं. यंत्र तीनशे नऊची आठवण करून देईना. त्याच्या लेखी ते झालं होतं.

आठवड्याने दुपारी चार वाजता तीनशे नऊचं छत आलं खाली. फळी, गंजकं पाणी, सगळं. आत एक बाई होती, तिचं चार महिन्यांचं बाळ आणि बाईची आई. लागलं कोणाला नाही. बाळ मात्र डोक्यापासून पायांपर्यंत भिजलं होतं आणि श्वास अडकेपर्यंत रडत होतं. मिस्त्री धावत आला, मुख्य व्हॉल्व्ह बंद केला आणि तसाच निथळत खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये उभा राहिला. मॅनेजरसाहेबांचं यंत्र दाखवत होतं: भरलेल्या पंच्याऐंशी, रिकामी शून्य, दुरुस्तीत एक. त्यांनी यंत्राकडे पाहिलंही नाही. मावशींना म्हणाले, "दोनशे सात उघडा. गरम पाणी आणि कोरडे टॉवेल तिथे पाठवा."

सहा मिनिटांत दोनशे सातमध्ये बाळ कोरडं झालं. चादर ताणून घातलेली, उशांवर धुळीचा पातळ थर, साबणाचं वेष्टनही न फोडलेलं. मावशी उशा झटकू लागल्या. मिस्त्री दारातून ते सारं बघत होता. एवढ्या दिवसांत तिथे कोणी पाठ टेकली नव्हती.

"एक खोली नेहमी हातची ठेवायची असते," मॅनेजरसाहेब त्याच्याकडे न बघता म्हणाले. "माझ्या वरिष्ठांनी शिकवलं मला ते. पूर्वी वहीत नुसती रेघ मारली की भागायचं. यंत्र रेघ घेत नाही, त्याला कारण लागतं."

मिस्त्री काही बोलणार तेवढ्यात नणंदेवर कॉल आला. दुरुस्तीतल्या खोलीत माणसं कशी, असं जावईबापू शहराच्या दुसऱ्या टोकावरून विचारत होते.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच आले. मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये, मॅनेजरसाहेबांच्याच खुर्चीत बसून त्यांनी मिस्त्रीला बोलावलं आणि पडदा त्याच्यासमोर धरला. दोनशे सात, नळ, सत्तेचाळीस वेळा. प्रश्न एकच होता. नळ गळत होता की नव्हता?

मिस्त्रीने मनात दोन्ही बाजू धरून पाहिल्या. गळत होता म्हणावं तर सत्तेचाळीस वेळा तुला जमला नाही आणि काल दुपारी आपोआप बरा कसा झाला? खुर्ची गेली, कदाचित आहे ती नोकरीही. नव्हता म्हणावं तर ते खरंच होतं. खरं बोलायला एवढं जड का जातंय, हे त्याला कळेना. मॅनेजरसाहेब भिंतीशी उभे होते. त्यांनी आता तीनशे नऊचा विषय काढला की संपलं, असं त्याला वाटत होतं.

"नव्हता," तो म्हणाला. "एक थेंबही नाही."

जावईबापू मॅनेजरसाहेबांकडे वळले. खोली आपणच अडवली, हे मॅनेजरसाहेबांनी लगेच कबूल केलं. कोणाला दिली होती? कोणालाच नाही.

"कोणालाच नाही? मग अडवली कशाला?"

"कालच्यासारख्या दिवसासाठी."

जावईबापूंनी पडदा वर-खाली सरकवून पाहिला. तसल्या दिवसासाठी त्यात रकाना नव्हता. रिकामी खोली कोणी फुकट रिकामी ठेवतं, यावर त्यांचा विश्वास बसणं शक्यच नव्हतं. आठवडाभरापूर्वी मिस्त्रीचाही कुठे बसला होता? तीनशे नऊच्या फुटलेल्या छताबद्दल पडदा हिरवा होता. तक्रार आली, नऊ मिनिटांच्या आत निवारण झालं, मिस्त्रीचं काम तत्पर. पाइप जुना, म्हणून विषय मिटला. मॅनेजरसाहेब यावर एक शब्द बोलले नाहीत.

महिनाअखेरीस दोन कागद निघाले. एकाने ते सत्तेचाळीस लाल खोडले गेले आणि मिस्त्री मुख्य मिस्त्री झाला. दुसऱ्याने मॅनेजरसाहेब मोकळे झाले.

ते दुपारी मागच्या दाराने निघाले. हातात एक कापडी पिशवी, तीत चष्म्याचं घर, दोन पुस्तकं आणि जेवणाचा डबा. मिस्त्री मुद्दाम तिथे थांबला होता, पण काय बोलायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. मॅनेजरसाहेबच आधी बोलले. खोली अडवण्यापायी तक्रार त्याच्या नावावर चढते आहे, हे त्यांना फार उशिरा कळलं होतं. कळलं तेव्हाच त्याला बोलावून सांगायला हवं होतं. तेवढं माझं चुकलं, म्हणाले. मग पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तीनशे नऊच्या शेजारचे सांधे बघून घ्या, मिस्त्री. तीनशे आठ आणि तीनशे दहा. तोच पाइप पुढे गेलाय."

"बघतो, साहेब."

"त्या दिवशी तीन वाजून दहा मिनिटांनी तुम्ही दुसऱ्या मजल्यावर, माझ्यासमोर होतात. आणि त्याच्या एकच मिनिट आधी यंत्रात तीनशे नऊ झालं होतं."

मग तेव्हाच का विचारलं नाहीत, असं मिस्त्रीने कसंबसं विचारलं.

"विचारलं असतं तर तुम्ही मला दोनशे सातचं विचारलं असतंत."

"आणि केबिनमध्ये? तिथे तर सांगायचं होतंत."

"तिथे मला माझ्या खोलीचं विचारलं होतं," ते म्हणाले.

रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेल्यावर ते वळले. मान वर करून त्यांनी एकेक मजला डोळ्यांखालून घातला. ओठ हलत होते. कुठला पडदा ओढलेला, कुठला उघडा, त्यावरून खोल्या किती भरल्या ते मोजत होते. मोजणी संपल्यावर त्यांनी समाधानाने मान डोलावली आणि पिशवी सावरून चालू लागले.

मिस्त्रीने नव्या यंत्रात पाहिलं. भरलेल्या शहाऐंशी, रिकामी शून्य, दुरुस्तीत शून्य. मालकांना एक खोली जास्त मिळाली होती, जावईबापूंना शाबासकी, आणि त्याला स्वतःला खुर्ची. या सगळ्याचं मोल ज्याने भरलं तो माणूस कोपऱ्यावर पोहोचला होता, आणि घाई नसल्यासारखा, गाड्या आधी जाऊ देत उभा होता.