खालचा डबा

आमचा उपग्रह बुटांच्या खोक्याएवढा. आत पांढरे कृमी होते, भिंगाखालीच दिसतील इतके बारीक. अंतराळात ते कसे जगतात, कसे वाढतात, हे बघायचं होतं. कृमी मी वाढवलेले, डबा माझ्या दिराने बांधलेला. असल्या प्रयोगाला डबे दोन लागतात. एक वर जातो आणि हुबेहूब तसाच दुसरा खाली राहतो, म्हणजे फरक पडलाच तर तो अंतराळामुळे पडला असं छातीठोकपणे सांगता येतं.

इथवर कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. पण आमच्या प्रमुख मॅडम नियमाला भलत्याच पक्क्या. जे वर तेच खाली, यापलीकडे त्यांना जगच नव्हतं. वरचा डबा पृथ्वीच्या सावलीत गेला की खालच्याचा दिवा विझवायचा. उड्डाणात वरच्याला हादरे बसले, म्हणून आम्ही खालचा टेबलावर ठेवून टेबल गदागदा हलवलं. मॅडमनी स्वतः एक पाय धरला होता. पुढे वरच्याशी संपर्क तुटला, तेव्हा खालच्याशी बोलायलाही बंदी आली. त्याच्याशी बोलणारी मी एकटीच होते, त्यामुळे बंदी मलाच पाळावी लागली.

मग एक दिवस संपर्क पुन्हा जुळला आणि वरून संदेश आला. हीटर बंद पडून कृमी गोठून मेले होते. दीर मान खाली घालून बसला. मला रडू आलं आणि मी रडले. मॅडमही हळहळल्या, नाही असं नाही. पण डोळे पुसता पुसता त्यांची नजर खालच्या डब्याकडे गेली आणि मी उठून डब्यासमोर उभी राहिले.

खालचा डबा फ्रीझरमध्ये ठेव, असं त्यांनी सांगितलं. आतले माझे कृमी छान वळवळत होते. मी म्हटलं, थंडीने काय होतं ते कळलंय ना आपल्याला, मग यांचा जीव कशाला घ्यायचा? तर म्हणे, जीव घेणं वेगळं आणि प्रयोग पूर्ण करणं वेगळं. अशा माणसापुढे डोकं आपटून उपयोग नसतो. त्याला त्याच्याच नियमात पकडावं लागतं.

"वरचे चुकून मेले, मॅडम," मी म्हटलं. "यांना आपण ठरवून मारणार. हे सारखं कसं?"

मॅडम थबकल्या. चष्मा काढून पुसला, परत घातला. मला वाटलं, जिंकले मी.

"बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या. "हेही चुकूनच मेले पाहिजेत. ती जबाबदारी तुझ्याकडे."

तेव्हापासून माझं हेच काम. मॅडम अधूनमधून विचारतात, झाली का चूक? मी सांगते, अजून नाही, प्रयत्न चालू आहेत. दीर हसतो. वहिनी, घरी तर रोज दूध उतू घालवता, इथेच काय होतं तुम्हाला, म्हणतो. त्याला काय सांगू? घरी निघाले की अर्ध्या वाटेवरून परत येऊन मी डबा बघून जाते. जन्मात कुठलं काम इतकं जपून केलेलं नाही. कृमींच्या नातवंडांना नातवंडं झाली.

परवा मॅडम म्हणाल्या, तुला जमत नसेल तर एखादा वेंधळा माणूस नेमू. मी चक्क हात जोडले.

"मॅडम, एक संधी द्या," मी म्हटलं. "मी नक्की चुकेन."

आणि त्या वळल्यावर खुर्ची डब्याच्या आणखी जवळ ओढली.