नियम चौथा: रडगाणी नकोत

मालिकेतला गंधार, समोर कुणी रडायला लागलं की म्हणतो, "मी आहे ना." एवढ्या तीन शब्दांवर आम्ही सिडनीत त्याचा फॅन क्लब काढला. ॲडमिन केलीव्हिलची चारुता. कायम हसरी, नवरा शैलेंद्रसोबतचे फोटो टाकून खाली 'माझा गंधार' लिहिणारी. ग्रुपचा चौथा नियमही तिचाच: रडगाणी नकोत.

मंगळवारी दुपारी ग्रुपवर तिचा मेसेज आला. "ताई, शैलेंद्र घर सोडून गेला त्याला तीन महिने झाले. स्वरदाला सांगितलंय, बाबा पर्थला प्रोजेक्टवर आहेत. रोज तिच्याशी खोटं बोलून थकले गं."

बहिणीला पाठवायचा तो आमच्याकडे आला होता. आम्ही काय केलं? गंधारचे स्टिकर टाकले. 'मी आहे ना', 'मी आहे ना', चांगले एकोणीस. फोन कुणीच केला नाही. पद्माकरकाकांनी चौथ्या नियमाची आठवण तेवढी करून दिली.

पाच मिनिटांत मेसेज डिलीट झाला. "सॉरी गाइज, रविवारच्या स्किटची स्क्रिप्ट होती. सरप्राइज फुटलं."

आमचा जीव भांड्यात पडला. स्किट म्हटल्यावर केलीव्हिलपर्यंत गाडी काढायला नको. मीही विश्वास ठेवला, कारण तो सोयीचा होता. डिलीट व्हायच्या आत मी तो मेसेज माझ्या मैत्रिणीला, मयूराला, फॉरवर्ड केला होता, अर्थात काळजीपोटी.

रविवारी क्लबच्या मेळाव्याला गिरावीनच्या हॉलमध्ये गंधारच्या पुठ्ठ्याच्या कटआउटशेजारी सगळ्यांचे फोटो झाले आणि स्किटची मागणी सुरू झाली.

"अगं, स्क्रिप्ट घरीच राहिली," चारुता म्हणाली. "नेक्स्ट टाइम करू, नो वरीज."

"माझ्याकडे आहे की," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. ते मला दिसलं. पण माइक हातात आला होता, आणि मिरवायची हौस मला शाळेपासूनची. मी नावांसकट सगळं वाचलं. शेवटी आवाजात थोडा कंपसुद्धा आणला.

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत आठ वर्षांची स्वरदा हातातला सामोसा खाली ठेवून उभी राहिली.

"मम्, सो डॅड इज नॉट इन पर्थ?"

चारुताच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, बाकी चेहरा गेला.

"पोरगीसुद्धा काय ॲक्टिंग करते," पद्माकरकाका म्हणाले, आणि हॉलने पुन्हा टाळ्या वाजवल्या.

मला तोवर सगळं कळलेलं होतं. माइक काखेत धरून मीही वाजवल्या.