घारसाहेबांची चिठ्ठी

विमानाने समुद्रातल्या तेलविहिरीभोवती तिसरी गिरकी घेतली, तरी घारसाहेबांना खाली ढगाची सावलीच दिसत होती. सव्वीस वर्षं डाव्या खिडकीत बसून पाण्यावर सांडलेलं तेल हुडकणाऱ्या माणसाला लोक घार म्हणणार नाहीत तर काय म्हणणार?

रिवाज साधा होता. दोघा निरीक्षकांनी एकमेकांशी न बोलता, दिसेल ते आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठ्या कचेरीतच उघडायच्या. तवंग रुपेरी असला तर किरकोळ, इंद्रधनुषी असला तर विहिरीवाल्यांना जाब विचारायचा. घारसाहेबांनी ‘सावली’ लिहिलं.

कचेरीत चिठ्ठ्या उघडल्या, तेव्हा उजव्या खिडकीतल्या नव्या मुलीने ‘इंद्रधनुषी तवंग’ लिहिलं होतं. फोटो उन्हाच्या चकाकीने पांढरे पडलेले, आणि विहिरीवाल्यांनी तर फोनवर कानांवर हात ठेवले होते. वरिष्ठांनी सरळ निकाल दिला, की घारसाहेब म्हणतील तेच खरं. मुलगी अजून नोकरीत पक्की झाली नव्हती, म्हणून तिची चूक तिच्या फायलीत नोंदवायची होती.

घारसाहेबांना सकाळ आठवली. शर्टावर तेलाचा डाग पडलाय, बदला, असं बायको दारापर्यंत येऊन सांगत होती. त्यांनी खिडकीशी जाऊन पाहिलं होतं, काही दिसलं नाही, आणि उगाच खोड काढतेस म्हणून ते तिच्यावरच डाफरले होते. निवृत्तीला चार वर्षं होती, आणि ती खिडकी सोडून त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

“माझ्या शर्टावर काही दिसतंय का गं?” त्यांनी मुलीला विचारलं.

ती घुटमळली. “खिशाखाली तेलाचा डाग आहे, सर. सकाळीच दिसला होता. म्हटलं, तुम्हाला कसं सांगायचं.”

त्यांनी मान खाली घालून पाहिलं. शर्ट पांढराशुभ्र होता.

घाई करू नका, विचार करा, असं वरिष्ठ म्हणाले. घारसाहेबांनी तोवर आपली चिठ्ठी खोडून खाली सही केली होती.

“हिचीच धरा,” ते म्हणाले. “मला हल्ली नीट दिसत नाही.”

दुसऱ्या दिवशी ते दुर्बीण सोपवायला धावपट्टीवर आले. मुलगी डाव्या खिडकीत बसली होती. आसनाचा पट्टा त्यांच्या पोटाच्या मापाचा, तिला फारच सैल होत होता आणि कडी काही सरकत नव्हती. घारसाहेबांनी आत वाकून तो तिच्या मापाला आवळून दिला आणि ते खाली उतरले.