नुसतं अल्कोहोल

काचेच्या नळीत, कोमट खारट पाण्यात, गिनीपिगच्या श्वासनलिकेची पट्टी टांगलेली होती. टॅम्सिन पास्कोने त्यात औषधाऐवजी नुसतं अल्कोहोल सोडलं, आणि पट्टी सैल पडली. औषधाने पडायची अगदी तशीच! म्हणजे ज्याला ती हिवाळाभर दम्याचं औषध म्हणून मिरवत होती, ते काहीच करत नव्हतं. करत होतं ते अल्कोहोल, ज्यात औषध विरघळवलं होतं. घ्या आता!

टॅम्सिन कॉर्नवॉलच्या मासेमाराची मुलगी. डॉक्टरकी अर्धी शिकून ती एक वर्ष मध्येच थांबली होती, औषधशास्त्राची पदवी घ्यायला. लीड्सच्या विद्यापीठात असं पुष्कळ जण करतात. बरोबरीचे पुढे निघून जातात, आपण वर्षभर मागे. बापाला हे मुळीच पटलं नव्हतं. "भर समुद्रात नांगर टाकून बसलीस होय गं?" असं तो फोनवर विचारायचा.

नुसतं अल्कोहोल टाकून बघणं, हे काम खरं तर सुरुवातीचं. तिची मार्गदर्शक इशबेल हिने बजावलंही होतं. पण ही डॉक्टर होणारी पोरं! रोग कळायच्या आत औषध द्यायची घाई. "हो, करते," म्हणाली आणि राहूनच गेलं.

ही इशबेल रेनी. ग्लासगोची, तोंडाने फटकळ, पण जीव लावणारी. तिची नोकरी कराराची. उन्हाळ्यानंतर ती राहणार की जाणार, ते प्राध्यापक ओल्डरॉइड यांच्या हातात. आणि आज दुपारी टॅम्सिनचं सादरीकरण ऐकायला आणि गुण द्यायला नेमके तेच बसणार होते. गप्प बसावं का? कुणाला कळणार होतं? पण तिच्याच्याने ते होईना.

ती इशबेलकडे गेली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

इशबेल म्हणाली, "चला डॉक्टरीणबाई, नवी पट्टी टांगा. मला बघू दे."

नुसत्या अल्कोहोलने नवी पट्टीही सैल पडली.

"झालं कल्याण!" इशबेल म्हणाली. "रडू नकोस गं. चहा घे, आणि दुपारी हेच सांग. जसंच्या तसं."

"पण तुमचं काय?"

"माझं मी बघीन."

दुपारी टॅम्सिनने जसंच्या तसं सांगितलं. ओल्डरॉइडनी चष्मा काढला.

"इतकी साधी गोष्ट! हे कुणी शिकवलं नाही तुम्हाला?"

मागच्या रांगेतून इशबेल उठली. "माझी चूक, सर. मी सांगायला हवं होतं."

टॅम्सिनच्या लक्षात आलं. ही बाई माझ्यासाठी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेय! टॅम्सिन नुसती मान हलवून खाली बसली असती तर तिचे गुण वाचले असते.

"नाही सर," ती म्हणाली. "त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मीच टाळलं. घाई केली."

ओल्डरॉइडनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या विद्यार्थ्याला बोलावलं.

बाहेर जिन्याशी इशबेलने तिला गाठलं. चांगलीच संतापली होती.

"अक्कल गहाण टाकलीयस का गं? मी निस्तरत होते ना! घालवलेस ना हातचे गुण?"

"तुमची नोकरी गेली असती!"

"अगं बये, ती गेलीय! गेल्याच आठवड्यात सांगितलं मला ओल्डरॉइडनी. पैसेच नाहीत म्हणे. माझं आता काय बिघडणार होतं? म्हणून तर उठले मी."

गेल्या आठवड्यात? आणि तरी ही बाई आज सकाळी आपल्याबरोबर पट्ट्या टांगत उभी होती?

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तुझं सादरीकरण होऊन जाऊ दे म्हटलं." इशबेलने बाहीने डोळे पुसले. "इतकी वर्षं झाली इथे. आजवर माझ्या बाजूने कुणी तोंड उघडलं नव्हतं. आज उघडलं, तेही फुकट! वेडी पोर."

असं म्हणून तिने टॅम्सिनला जवळ ओढलं, आणि जिन्यावरून मुलं जात-येत होती तरी बराच वेळ सोडलं नाही.