ग्लासाला झालेला कफ

गादी कारखान्याच्या जेवणाच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. सगळ्यांचे डोळे एका पांढऱ्या वाडग्यावर. कापूस पिंजणारे काका तोंडात चमचाभर पूड आणि घोटभर पाणी धरून, गाल फुगवून बसले होते. घशातून रोगाचा दोर काढून देणारे दोरमहाराज डोळे मिटून पुटपुटले, "सोड, रोगा, सोड." काकांनी तोंड उघडलं आणि वाडग्यात पिवळट, लिबलिबीत दोर पडला.

"हा तुमचा जुना कफ. मुळासकट उपटला. घसा दुखतोय?"

"घसा आहे की नाही तेच कळत नाहीये, महाराज."

"रोगच गेला, मग कळणार काय?"

लोकांनी हात जोडले. कापसाची धूळ खाऊन इथे प्रत्येकालाच खोकला.

मी दाराशी, पाठीवर शाळेचं दप्तर. आई पुढच्या बाकावर, मांडीवर माझा तान्हा भाऊ. आता त्याची पाळी होती. पप्पा न्यूमोनियाने गेले तेव्हापासून आई रडलेली नाही. इथे कामाला येते, गाद्यांना टाके घालते, घरी जाते. मीही तशीच, आत काहीतरी गोठल्यासारखं. भावाला सर्दी झाली तेव्हा महाराजांनी तिला सांगितलं, "हा बापाचाच कफ. अंगावरचं दूध तोडा, त्यानेच वाढतो. उद्या दोर काढू." आईने नुसती मान हलवली. कालपासून तिने त्याला अंगावर पाजलं नव्हतं, वरचं दूध देत होती.

काल घरी आल्यावर तिने महाराजांनी दिलेली पूड घेतली आणि वर उकळता चहा गटागटा प्यायली. टाळूची साल निघाली, तिला पत्ताच नाही. मी त्या पुडीतली चिमूट जिभेवर ठेवली. जीभ झोपली. दाढ काढताना डॉक्टरांनी सुई दिली होती ना, अगदी तश्शी. मग मी आणखी एक प्रयोग केला आणि उरलेली पुडी दप्तरात टाकली.

महाराजांनी चमचा उचलला. मी पुढे होऊन भावाला कडेवर घेतलं.

"महाराज, आधी याचा कफ काढा." मी बाकावरचा स्टीलचा ग्लास त्यांच्यापुढे ठेवला, त्यात दप्तरातली पुडी रिकामी केली, पाणी ओतलं.

"पोरी, हा पोरखेळ नाही."

"पोरालाच देताय, मग पोरखेळच की."

"ग्लासाला कधी कफ होतो का?"

"तेच बघायचंय."

लोक हसले. थोडं थांबून मी ग्लास वाडग्यात उपडा केला. थप्प. तोच पिवळट गोळा, खाली ओघळणारा तोच दोर.

सगळे वाडग्यावर वाकले. मग काका म्हणाले, "आता ग्लास बरा झाला म्हणायचा का?"

"हे इसबगोल आहे, काका. आमचे आजोबा पोट साफ व्हायला घेतात तेच. रंग लावलाय. पाण्यात फुगतं. सोबत बधिर करणारं औषध. बाळाच्या घशात हे फुगलं असतं तर श्वास कोंडला असता."

महाराज चंबूगबाळं आवरायला लागले. "श्रद्धा नसेल तिथे आम्ही..."

मुकादम दारात उभे राहिले. "बसा. पुडीत काय आहे ते डॉक्टरांसमोरच सांगा."

मी आईकडे वळले. "आई, कफ म्हणजे विष नाही गं. नाका-घशाच्या ओल्या अस्तरावरचा चिकट पहारा आहे तो. धूळ, जंतू त्यात अडकतात, बारीक केस ते बाहेर ढकलतात. त्यात शरीराने बनवलेली प्रतिपिंडंही असतात. ती जंतूंना चिकटतात, अस्तरातून आत शिरू देत नाहीत. बाळाचा पहारा अजून कच्चा आहे. त्याच्या वाटची प्रतिपिंडं तुझ्या दुधातून जातात."

आईने त्याला माझ्याकडून घेतलं. भिंतीकडे तोंड करून पाजायला बसली. कालच्या पुडीचा बधिरपणा केव्हाच उतरला होता, पण पोळल्याकडे तिचं लक्षच गेलं नव्हतं. बऱ्याच वेळाने तिने टाळूवर जीभ फिरवली.

"पोळलंय गं," ती म्हणाली. "दुखतंय."

"दुखू दे, आई."

तेव्हा ती रडली. मीसुद्धा.

संध्याकाळी आम्ही बाळाला दवाखान्यात नेलं. साधी सर्दी होती. तुमच्याकडेही कोणी रोग उपटायला आलं, तर पाया पडण्याआधी एक करा. त्याचा चमत्कार आधी ग्लासावर करून बघा.